‘नाच की बे’ची बी बाजू

श्रीनूचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. कोपरानं कसाबसा स्पीकर चालू केला. तो नेहमीसारखा ओरडूनच बोलला. यंत्रमागाच्या घरात वाढलेली माणसं हळू बोलूच शकत नाहीत, खडखडाटाच्या वर आवाज चढवायची सवय जात नाही.

"ताई, येऊन जा की. शेड दिली आमी. तीन दिवसांनी माग उचलायला येलालेत भंगारवाले. माळ्यावर सुभ्याचा खोका हाय, कॅसेटचा. टाकून देऊ काय?"

"हात लावून तर बघ," मी म्हटलं, आणि तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली.

सुभ्या म्हणजे माझा थोरला भाऊ, सुभाषदादा. श्रीनू आमच्या जुन्या घरमालकांचा मुलगा आणि दादाचा जिवलग दोस्त. कॉलेजच्या वयात या दोघांनी नाचायच्या गाण्यांची एक पार्टी काढली होती, ‘एस.एस. बीट्स’. तिची पहिली आणि शेवटची कॅसेट ‘नाच की बे’. ए बाजूवर दोघं मिळून गायले, ती सोलापुरात वरातीवरातीत वाजली. बी बाजूवर दादा एकटा गायला, ती पडली. पडली म्हणजे सपशेल. त्यानंतर दादानं गाणं सोडलं. आरतीला तो नुसते ओठ हलवतो, हे मी शेजारी उभी राहून, कान लावून तपासलेलं आहे. स्वतःच्या मुलाच्या बारशात बायका पाळणा म्हणत होत्या आणि हा दारात उभा राहून चपला नीट लावत होता.

मला चौकशा फार. दादा मला लहानपणी ‘चौकशी खिडकी’ म्हणायचा, एस.टी. स्टँडवर असते तशी. या खिडकीला एवढ्या वर्षांत एका प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नव्हतं. तोच गळा, तोच माइक, तीच खोली. मग एकाच कॅसेटच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या का? लोक म्हणाले, सुभाषला एकट्याला झेपलं नाही. दादानंही तेच धरून ठेवलं. मला ते पटत नव्हतं, पण न पटायला माझ्याकडे काही कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरून रिक्षा करून पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत गेले. गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि क्षणभर वाटलं, चुकीच्या गल्लीत आले. आमच्या वेळी कोपऱ्यावरूनच आवाज अंगावर यायचा. आता एका घरातल्या टीव्हीवरची मालिका रस्त्यावर स्पष्ट ऐकू येत होती. शेडमध्ये मात्र वास तोच होता. खळीचा आंबूस वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि सुताच्या तुसाचा तो कोरडा वास, ज्यानं नाक आधी खाजतं आणि मग गप्प बसतं. बाकीचे माग उघडेबोडके उभे होते. आमच्या जिन्याखालचा एकच चालू होता. त्याच्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या लाकडी रुळावर, अजून थोडं सूत शिल्लक होतं.

"अर्धं सूत कापून टाकायला जीव होईना बे," श्रीनू म्हणाला. "संपवतो आणि मग देतो."

खोका त्यानं खाली काढून ठेवला होता. आत न विकलेल्या कॅसेटी, अजून पारदर्शक कागदात. वर चित्र होतं : दादा आणि श्रीनू, दोघांच्या डोळ्यांवर एकसारखे गॉगल. गॉगल एकच होता, तो आळीपाळीनं घालून दोघांचे वेगवेगळे फोटो काढले आणि नंतर जोडले, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. सगळ्यात वर एक वापरलेली कॅसेट पडली होती. तिच्या डबीचं झाकण बिजागरीतून तुटलेलं, चिकटपट्टीनं बांधलेलं.

"ही कुणाची?"

"अम्माची. ती होती तोवर रोज लावायची की."

मी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. एका बाजूचा कागद अंगठ्यानं घासून इतका गुळगुळीत झाला होता की अक्षर राहिलं नव्हतं. दुसऱ्या बाजूवर ‘ए’ अगदी नव्यासारखं. म्हणजे घासली होती ती बी बाजू. सोलापुरात, किंवा मला वाटतं पृथ्वीवर कुठेही, ‘नाच की बे’ची बी बाजू रोज ऐकणारं एक माणूस होतं, आणि हे मला आज कळत होतं.

"बी बाजू? अम्मा बी बाजू ऐकायची?"

"तेच लावायची. मी म्हणायचो, अम्मा, कशाला ते रडकं ऐकतीस. ती म्हणायची, सुभाष चांगला गातो, तुमाला कळत न्हाय." श्रीनूनं खांदे उडवले. "मला वाटायचं, लाड करलालीय त्याचे."

मलाही आधी तसंच वाटलं. अम्माचा, म्हणजे श्रीनूच्या आईचा, दादावर जीव होता. आम्ही तिच्या घरी भाड्यानं राहायचो, शेडच्या वरच्या दोन खोल्यांत. वडील करमाळ्याकडच्या एका खेड्यातून आलेले, याच शेडमध्ये मागांची दुरुस्ती करायचे. अम्मा चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची. एका हातानं चाक, दुसऱ्या हातात सूत, आणि तोंडानं आम्हा सगळ्यांना हुकूम. घरात ती तेलुगू बोलायची आणि आमच्याशी मराठी, पण प्रेम उतू आलं की दादाला ‘बिड्डा’ म्हणायची. बिड्डा म्हणजे लेकरू. कडक भाकरी चुरून, त्यावर शेंगाचटणी आणि तेलाची धार घालून ती दादापुढे ठेवायची आणि मग मला. मी यावरून बरीच भांडलेय.

पण अम्मा कुणाचं तोंडदेखलं कौतुक करणारी नव्हती. श्रीनूच्या लग्नात व्याह्यांच्या तोंडावर तिनं भात कच्चा आहे म्हणून सांगितलं होतं. अशी बाई रोज उठून पडलेली गाणी लाडापोटी ऐकेल, हे काही मला पटेना.

ती कॅसेट मांडीवर घेऊन मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. पाठीला भिंत, भिंतीला मागाची थरथर. पायरी तीच. याच पायरीवर बसून मी दादाच्या पार्टीचा जन्म बघितला.

ती कॅसेट निघाली तेव्हा सीडी नवी नवी आली होती आणि गरिबांची गाणी अजून कॅसेटवर होती. श्रीनूकडे सेकंडहँड कीबोर्ड, ज्याची एक पट्टी दाबली की दोन सूर निघत. शिवाय बोटांनी बडवायचं एक पॅड. दादाकडे हलगी आणि गळा. गळा काही फार गोड नव्हता. पण त्याच्यात एक धक्का होता, मागून कुणी ढकलल्यासारखा, आणि तो ऐकला की पाय आपोआप हलायचे. आमच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग ठरलं. दोन डेकचा टेप मागून आणला. मला कोरसमध्ये घेतलं, कारण मी नाहीतरी तिथून हलणार नव्हते.

रेकॉर्डिंग एकदम क्लीन झालं पाहिजे, असं श्रीनूनं बजावलं होतं. क्लीन हा त्याचा त्या वर्षीचा आवडता शब्द होता. आम्ही खिडक्यांना सोलापुरी चादरी लावल्या, दारालाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून त्याचे सेल काढले. मोरीतला नळ ठिबकतो म्हणून त्याला चिंधी बांधली. माळ्यावरची चिमणी हाकलली. खालच्या बोळातला कुल्फीवाला घंटी वाजवत यायचा, त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की आमच्या घरात एक माणूस फार आजारी आहे. बिचारा घंटी हातात गच्च धरून निघून गेला. चादरींच्या आत उकाड्यानं जीव जात होता. माइकवर तूस बसायचं, ते मी फुंकर मारून काढायचे. मग श्रीनू बोटं वर करायचा, "एकदम शांत हाय बघ आता," म्हणायचा, आणि बटण दाबायचा.

‘टॉवेल उडव’ हे पहिलं गाणं. पहिल्या दमात झालं. त्या आठवड्यात सगळी ए बाजू झाली. पुन्हा पुन्हा ऐकून आम्हीच नाचलो. अम्मा चरखा सोडून वर आली, तिनं पदर खोचून दोन गिरक्या घेतल्या आणि गुडघा धरून खाली बसली.

मग ती टेप घेऊन आम्ही तिघं करमाळ्याला गेलो. तिथं आईचे भाऊ, आमचे मामा, मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचे. कमलाभवानीच्या देवळाकडे जायच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतल्या वराती त्यांच्या स्पीकरवर नाचायच्या, त्यामुळे मामांनी मान डोलावली की झालं, असा आमचा हिशेब. मामांनी टेप लावली, डोळे मिटले. थोड्या वेळानं एक डोळा उघडला.

"गानं झ्याक हाय," ते म्हणाले. "पर आरं, ह्ये मागं काय खडखडतंय?"

"कुटं काय?" दादा म्हणाला.

"ह्ये काय की. गिरन हाय का जवळ?"

आम्ही तिघांनी कान टवकारले. गाणं होतं, हलगी होती, माझा किंचित चिरका कोरस होता. दुसरं काही नव्हतं. मामा पुन्हा लावत, बोटानं दाखवत. "ह्ये. ह्ये. पुन्यांदा ह्ये." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. श्रीनूला वाटलं, मामांच्या मशीनमध्ये बिघाड आहे. मामांना वाटलं, ही पोरं आपली थट्टा करतात.

मामांचं घर गावाबाहेर, रानात. दिवाळीची सुट्टी होती, आम्ही तिथंच राहिलो. पहिल्या दिवशी मला झोप येईना. शांतता कानात दुखत होती, हे खरंच सांगते. आमच्या गल्लीत रात्री लाईट गेली आणि माग थांबले की पाळण्यातली लेकरं दचकून उठायची, रडायची. माग सुरू झाले की झोपायची. माझंही तेच होत होतं. मग हळूहळू कानांना दुसरंच काही ऐकू यायला लागलं. ज्वारीच्या पानांची सळसळ. विहिरीवरच्या मोटारीची घरघर, दूर. शेळीच्या खुरांखालचा खडा. चार-दोन दिवस असे गेले आणि एका दुपारी ओट्यावर शेंगा फोडत असताना मामांनी पुन्हा आमची टेप लावली.

आणि ऐकू आलं. गाणं सुरू व्हायच्या आधीपासून, गाणं संपल्यावरही, प्रत्येक ओळीच्या खाली, आमच्या शेडमधले सगळे माग चालू होते. आम्ही नळाला चिंधी बांधली होती, कुल्फीवाल्याला घालवून दिलं होतं आणि जिन्याखाली धडधडणारे माग कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. जन्मल्यापासून ज्यात राहिलो तो आवाज आम्हाला आवाज वाटतच नव्हता. श्रीनू शरमेनं लालबुंद झाला. दादानं कपाळाला हात लावला. मी मात्र हरखून गेले होते. आपलं घर बाहेरच्या माणसाला असं ऐकू येतं! मी मामांना चार वेळा टेप मागं घ्यायला लावली. शेवटी दादा ओरडला, "बंद कर गं ती खिडकी!"

"मायला, चूक झाली," श्रीनू एस.टी.त म्हणाला. "बी बाजू एकदम क्लीन करायची."

ए बाजू पुन्हा करायची सोय नव्हती, मागून आणलेला टेप परत गेला होता. बी बाजू पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला केली, तेव्हा तो एका दिवसापुरताच पुन्हा मिळाला. त्या दिवसांत पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, सगळे माग बंद असतात, घराघरात पाहुणे आणि पुरणाचा वास. एरवी त्या गर्दीत हौसेनं मिरवणारे आम्ही तिघं वरच्या खोलीत चादरी लावून बसलो. चिमणी, नळ, घड्याळ, सगळं पहिल्यासारखं. माग बंद. खरोखरची शांतता. गाणीही दादानं स्वतः रचलेली, हौसेनं. त्यातलं मला ‘करमाळ्याची गाडी’ फार आवडायचं. पण गाताना तो सारखा पाणी पीत होता. "काय होतंय रे?" विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय, भूक लागल्यागत वाटतंय." पोटभर पुरणपोळी खाऊन बसलेला माणूस. मी त्यावर तेव्हा काही विचारलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मला सांगवत नाही. शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात कॅसेट विकायला ठेवली. लग्नसराई आली. वरातीत ‘टॉवेल उडव’ लागलं की खरंच टॉवेल उडायचे, गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायकासुद्धा मान हलवायच्या. मग बाजू संपायची, कॅसेट उलटायची, आणि दादाचा एकट्याचा आवाज सुरू झाला की नाचणारे पाणी प्यायला जायचे. कुणी हुर्यो केली नाही. नुसते निघून जायचे. दादा लांब उभा राहून बघायचा. नंतर नंतर वरातवाले पाण्याची वेळ झाली की स्वतःच सांगायचे, "बी बाजू लावा की." गल्लीतली पोरं दादाला ‘बी बाजू’ म्हणून हाक मारायला लागली. प्रेमानंच मारत असतील. पण त्या हाकेनं दादाच्या तोंडाला कुलूप लागलं. हलगी मामांकडे गेली. वर्षभरात तो मोडनिंबला गेला, हायवेवर बी-बियाण्याचं दुकान घातलं, तिथंच रमला. माणूस हसतो, बोलतो, गिऱ्हाइकाशी तासन् तास गप्पा मारतो. फक्त गात नाही. मला त्याचं गाणं आठवतं, रस्त्यात, स्वयंपाक करताना, आणि त्याला विचारता येत नाही. बहिणीला याचं किती वाईट वाटतं हे भावांना कळत नाही.

"लावू का?" मी श्रीनूला विचारलं.

अम्माचा टेपरेकॉर्डर चरख्याच्या जागेशेजारी अजून होता, फडक्याखाली. श्रीनूनं तो पुसला, वायर लावली. मी कॅसेट आत सारली, बी बाजू वर करून. माग चालूच होता, त्यामुळे आवाज पूर्ण सोडावा लागला.

करमाळ्याची गाडी सुटली, खिडकीत कोण ती बसली.

दादा. तोच आवाज. ओळ संपली आणि दादा थांबला, एवढासा, आणि त्या एवढ्याशा जागेत मागाचा ठोका पडला. खाट्. मग पुढची ओळ. पुन्हा थांबला. खाट्. माझा पाय हलायला लागला होता. मी पायाकडे बघितलं. श्रीनूनंही माझ्या पायाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या.

"श्रीनू, माग बंद कर."

त्यानं दांडा ओढला. माग थांबला. गाणं उघडं पडलं. ओळ, आणि मग एक भोक. ओळ, आणि भोक. हेच ते रडकं गाणं, हेच ऐकून वरात पाणी प्यायला जायची. "चालू कर," मी म्हटलं. खाट्. भोक भरलं. कधी ठोका जरा पुढे जायचा, कधी मागं रेंगाळायचा, पण गाण्याला पाय फुटले होते.

"थांबतोय बघ तो," मी श्रीनूच्या कानात ओरडले. "प्रत्येक ओळीला थांबतोय. मागासाठी जागा ठेवतोय! आपण माग बंद केला आणि तो बिचारा तसाच थांबत राहिला."

श्रीनूनं मागाकडे बघितलं. मग म्हणाला, "अम्मा माग चालू ठेवूनच ऐकायची की गं."

तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला ते काही ठाऊक नव्हतं. तिच्या कानात गाणं पूर्ण होतं, एवढंच. मला एकदम रडू आलं आणि मी ते तुसावर ढकललं.

मग मोडनिंबला फोन.

"दादा, बी बाजू ऐकतेय."

"कुनाची?"

"तुझी."

तिकडे कुणीतरी खताची गोणी टाकल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "तुला दुसरं काय काम न्हाय का गं?"

"गळा नव्हता रे पडला. माग बंद होता म्हणून झालं. तू ये, तुला दाखवते. परवा माग चाललेत."

"झालं ते झालं. लई वर्षं झाली त्याला."

"अरे, पण तुझा दोष नव्हता."

"मग आता कुनाचा म्हनू? मागाचा?" त्याच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "ऱ्हाऊ दे बाई. दुकानात गर्दी हाय." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये बसून राहिले. श्रीनूनं माग हळू चालवायचा म्हटलं तरी मागाला हळू माहीत नसतं. बीमवरचं सूत डोळ्यांदेखत कमी होत होतं. चारदा सूत तुटलं, चारही वेळा श्रीनूनं गाठ मारायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. 

उन्हं कलायच्या आत दादा दारात उभा. हातात पिशवी, केसांवर एस.टी.ची धूळ.

"पोराचं लगीन हाय," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "आहेराला टॉवेल बघायला आलतो."

"मोडनिंबात टॉवेल मिळत न्हाईत काय बे?" श्रीनू म्हणाला.

"मिळत्यात की. पर तुझ्यासारखे लुटणारे न्हाईत तितं."

दोघं एवढंच बोलले आणि एकमेकांच्या दंडाला धरून उभे राहिले. मी टेप लावला. दादा मागाशी जाऊन उभा राहिला, हात पाठीमागं. ‘करमाळ्याची गाडी’ सुरू झालं. त्यानं पहिली ओळ ऐकली, ठोका ऐकला. दुसरी ओळ. मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते, आणि तो मुद्दाम मागाकडे तोंड करून उभा होता. गाणं संपलं, दुसरं लागलं. ते ‘माऊसवाली मैना’, त्या काळी जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा त्याचं. ‘क्लिक कर, क्लिक कर’ असा त्याचा मुखडा. माग चालू, ठोके जागच्या जागी, सगळं बरोबर.

"ह्ये मात्र भिकारच हाय," दादा म्हणाला.

श्रीनू हसला, मग मी, मग दादा. मागाचं काही चालेना त्या गाण्यापुढे. माझ्या एवढ्या मोठ्या शोधाला असं गालबोट लागलं, पण दादा हसताना डोळे पुसत होता, म्हणून मी वाद घातला नाही.

श्रीनूनं टेप बंद केला. "आता तू म्हण. गाडीचं म्हण."

"गळा न्हाय राहिला रं."

"माग हाय की अजून."

दादानं मागाच्या लोखंडी चौकटीवर हात ठेवला. मग पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा पिशवी उचलेल. मग त्यानं बोलल्यासारखीच ओळ काढली, करमाळ्याची गाडी सुटली. गळा बसका, वय झालेला, पण तो धक्का होता. मागून कुणी ढकलल्यासारखा. खाट्. त्यानं मान डोलावली. पुढची ओळ मोठ्यानं. खाट्. पहिलं कडवं झालं. मी कोरस धरला, चिरकाच. दादानं डोळे मिटले होते. मी एवढी वर्षं याच्यासाठी वाट बघत होते, आणि आता ते इतकं सहज चाललं होतं की मला भीती वाटायला लागली.

मुखडा पुन्हा आला आणि मी बीमकडे बघितलं. रिकामं लाकूड दिसायला लागलं होतं. शेवटचे धागे सरकत पुढे आले. श्रीनूनं माझ्याकडे बघितलं, पण काही करण्यासारखं नव्हतं. त्यानं दांड्यावर हात ठेवला. "खिडकीत कोण ती बसली," दादा गात होता. श्रीनूनं दांडा ओढला आणि आडवा धावणारा धोटा जागेवर थबकला.

शेडमध्ये काहीच आवाज राहिला नाही. ओळ संपली होती, आणि मला माहीत होतं की आता तो थांबणार. दादानं डोळे उघडले. बंद मागावरून त्याची नजर फिरली, श्रीनूकडे आली, माझ्याकडे आली.

‘हात केला मला, का तिनं माशी हाकलली,’ त्यानं लगेच पुढची ओळ उचलली, कशाचीही वाट न बघता, आणि गात राहिला.